पायथनमधली फाइल आपल्या मनासारखी कशी वागवायची? किल्लारीच्या एका जुन्या फोल्डरची गोष्ट

लातूरमध्ये माझ्या एका मित्राच्या वडिलांचं डीटीपीचं जुनं दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं, शाळांच्या स्मरणिका, ग्रामपंचायतीच्या नोटिसा, सगळं तिथेच टाइप व्हायचं. मागच्या उन्हाळ्यात दुकानातला जुना पीसी कुरकुरायला लागला, तेव्हा मित्राने हार्ड डिस्कवरचा मजकूर पेन ड्राइव्हमध्ये घेतला आणि ओटीजी लावून फोनमध्ये ओतला. अडीचशेच्या वर फाइली. त्यातच एका शाळेची स्मरणिका होती, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात गेलेल्या माणसांच्या आठवणींची. छापील प्रती कधीच संपल्या होत्या. काकांना ती परत छापायची होती.

मित्राने फोनवर ‘किल्लारी’ असं शोधलं. निकाल शून्य.

फाइल उघडून बघितली तर आत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, डॉलरची खूण, मधेच एखादं टोपीवालं फ्रेंच अक्षर. “काय राव, करप्ट झालं वाटतं सगळं,” तो म्हणाला. करप्ट काहीच झालं नव्हतं. मजकूर त्या काळच्या एका फॉन्टमध्ये टाइप केलेला होता आणि तो फॉन्ट फोनमध्ये नव्हता, एवढंच. (फॉन्टचं नाव घेत नाही, त्या पिढीतल्या बहुतेकांची गत सारखीच आहे.)

हा मजकूर युनिकोडमध्ये आणायला आम्ही जी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली, तिच्या निमित्ताने एक गोष्ट समजावून सांगतो. पुस्तकात ती दोन ओळींत उरकतात, पण एकदा कळली की खूप ठिकाणी उपयोगी पडते. ती म्हणजे, आपण स्वतः एक क्लास लिहून तो फाइलच्या जागी बसवू शकतो. बाकीच्या प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

कोडबद्दल आधीच एक सांगून ठेवतो. या लेखात कोड देवनागरीत, आपण बोलताना म्हणतो तसा लिहिलाय. तुम्ही टाइप करताना क्लास, डेफ, सेल्फ, राइट असे पायथनचे शब्द नेहमीसारखे इंग्रजी अक्षरांतच टाका. क्लासचं किंवा व्हेरिएबलचं स्वतःचं नाव मात्र मराठीत ठेवलं तरी पायथन ३ ला चालतं. खरंच चालतं, करून बघा.

फाइल हँडल म्हणजे नक्की काय?

तुम्ही ‘ओपन’ म्हणता तेव्हा फाइल तुमच्या हातात येत नाही. ती मेमरी कार्डावर जिथे आहे तिथेच राहते. तुमच्या हातात येतो तो एक ऑब्जेक्ट, ज्याला फाइल हँडल म्हणतात. त्याच्या मागे ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेला एक साधा आकडा असतो. ० म्हणजे कीबोर्डकडून येणारं, १ म्हणजे पडद्यावर जाणारं, २ म्हणजे चुकांचे संदेश. तुम्ही उघडलेल्या फाइलींना पुढचे आकडे मिळतात.

लातूरकरांना हे समजावायला मला २०१६ चा उन्हाळा आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. साडेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास. पुढे ते पाणी शुद्ध करून टँकरने वाटलं गेलं. आता टँकरच्या पाइपाखाली घागर धरून उभ्या असलेल्या माणसाचा विचार करा. पाणी मांजराचं की मिरजेचं, मधे ते कुठे गाळलं, याने त्याची घागर धरायची पद्धत बदलत नाही. पाइपातून पाणी आलं म्हणजे झालं.

प्रोग्रामचं तसंच आहे. तुमच्या कोडला फाइलकडून दोन-तीनच गोष्टी हव्या असतात: ‘रीड’ म्हटलं की मजकूर मिळावा, ‘राइट’ म्हटलं की जावा, ‘क्लोज’ म्हटलं की बंद व्हावं. हे करणारा ऑब्जेक्ट खरी फाइल आहे, झिप केलेली फाइल आहे, की मेमरीतच ठेवलेला मजकूर आहे, हे पायथन विचारत नाही. म्हणून तर जीझिपची फाइल उघडून मिळालेला हँडल साध्या फाइलसारखाच वाचता येतो आणि ‘स्ट्रिंगआयओ’ हा क्लास फाइल नसतानाही फाइलसारखा वागतो.

खुद्द पायथनची टेक्स्ट फाइलसुद्धा एक क्लास नाही, एकावर एक बसवलेले तीन आहेत. सगळ्यात खाली कच्चे बाइट वाचणारा ‘फाइलआयओ’, त्याच्यावर पाणी साठवणाऱ्या हौदासारखा बफर, आणि सगळ्यात वर बाइटांची अक्षरं करणारा ‘टेक्स्टआयओरॅपर’. पायथन ३ मध्ये ही रचना अशी मुद्दाम वेगवेगळ्या थरांची केली गेली. आपण फक्त चौथा थर चढवणार आहोत.

पहिला क्लास: एकाच वेळी पडद्यावर आणि वहीत

अडीचशे फाइली बदलायला लावून मित्र झोपला. फोनवर टर्मक्समध्ये स्क्रिप्ट चालू, फोन चार्जिंगला. सकाळी बघतो तर अँड्रॉइडने बॅटरी वाचवायच्या नादात टर्मक्सच बंद करून टाकलेलं. कुठपर्यंत काम झालं, कुठल्या फाइलवर चूक आली, काहीच कळेना, कारण सगळे संदेश प्रिंटने पडद्यावर टाकले होते आणि पडदा गेला होता.

स्क्रिप्टमध्ये तीस-चाळीस ठिकाणी प्रिंट होतं. प्रत्येक ठिकाणी जाऊन फाइलमध्ये लिहायची ओळ घालणं हा एक मार्ग. आम्ही दुसरा घेतला:

क्लास जोडतोटी:
    डेफ __इनिट__(सेल्फ, पडदा, वही):
        सेल्फ.पडदा = पडदा
        सेल्फ.वही = वही

    डेफ राइट(सेल्फ, मजकूर):
        सेल्फ.वही.राइट(मजकूर)
        रिटर्न सेल्फ.पडदा.राइट(मजकूर)

    डेफ फ्लश(सेल्फ):
        सेल्फ.वही.फ्लश()
        सेल्फ.पडदा.फ्लश()

    डेफ __गेटॲटर__(सेल्फ, नाव):
        रिटर्न गेटॲटर(सेल्फ.पडदा, नाव)

मग स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकच ओळ: ‘सिस.एसटीडीआउट’ला जोडतोटी नेमून द्यायची, आत मूळ पडदा आणि उघडलेली लॉग फाइल द्यायची. झालं. ते तीस-चाळीस प्रिंट जसेच्या तसे राहिले आणि प्रत्येक संदेश दोन्हीकडे जायला लागला. प्रिंटला समोरच्या ऑब्जेक्टकडून मुळात एकच गोष्ट हवी असते, राइट नावाची मेथड.

शेवटच्या दोन ओळी लोक गाळतात. प्रोग्रामला कधी पडद्याकडून आणखी काही हवं असतं, उदाहरणार्थ ‘तू खरा टर्मिनल आहेस का’ हे विचारायचं असतं. आपल्या क्लासमध्ये ती मेथड नसेल तर एरर येते. गेटॲटरने आपण सांगतो की जे मला येत नाही ते मूळ पडद्याला विचार. घरातल्या धाकट्याने “दादाला विचारा” म्हणावं तसं.

दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. टर्मक्स बंद पडलं. लॉग फाइल उघडली. रिकामी!

इथे तो मधला हौद आठवा. फाइलमध्ये लिहिलेला मजकूर लगेच कार्डावर जात नाही, आधी बफरमध्ये साठतो. हा बफर पायथनमध्ये वर्षानुवर्षं साधारण ८१९२ बाइटचा होता. तो भरला किंवा फाइल व्यवस्थित बंद केली तरच मजकूर खाली उतरतो. अँड्रॉइडने प्रोसेस मारून टाकली तर हौदातलं पाणी हौदासकट गेलं. उपाय सोपा आहे. लॉग फाइल उघडताना ‘बफरिंग’ १ ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळ संपली की ती पुढे ढकलली जाते. रात्रभर फोनवर काही चालवणार असाल तर एवढं कराच. टर्मक्सच्या नोटिफिकेशनमधला वेक लॉकही चालू करा आणि सेटिंगमध्ये त्याला बॅटरी सेव्हरमधून वगळा.

मग मित्राला हौस आली, प्रत्येक ओळीच्या आधी वेळ छापायची. राइटमध्ये मजकुराच्या पुढे वेळ जोडली आणि वही अशी दिसायला लागली: वेळ, संदेश, मग ओळ संपायच्या जागी परत एकदा वेळ. चूक कुठे होती? प्रिंट एका संदेशासाठी राइटला एकदाच हाक मारत नाही. आधी मजकुरासाठी मारतो, मग ओळ संपवायच्या खुणेसाठी वेगळी. स्वल्पविराम देऊन तीन गोष्टी छापल्या तर मधल्या मोकळ्या जागांसाठीही वेगवेगळ्या हाका. म्हणजे राइटला मिळणारा तुकडा ही एक ओळ आहे, असं कधीच धरून चालायचं नाही. आता नवी ओळ सुरू होतेय का, हे क्लासने स्वतः लक्षात ठेवायला हवं.

हे ‘लक्षात ठेवणं’ म्हणजेच क्लास वापरायचं खरं कारण. नुसत्या फंक्शनला मागच्या हाकेचं काही आठवत नाही. ऑब्जेक्टला आठवतं. पुढे हेच कामाला आलं.

(जोडतोटीची एक मर्यादा माहीत असू द्या. पायथनमधून तुम्ही दुसरा प्रोग्राम चालवला, तर तो आपल्या क्लासला ओळखत नाही. तो थेट १ नंबरच्या हँडलवर लिहितो. त्याचे संदेश वहीत येणार नाहीत.)

ही कल्पना पायथनची एकट्याची नाही. लॅरी वॉलच्या पर्लमध्ये ‘टाय’ नावाची सोय आहे: फाइल हँडल एका क्लासला बांधून टाकायचा आणि त्या क्लासमध्ये टायहँडल, प्रिंट, रीडलाइन, क्लोज अशा ठरलेल्या नावांच्या मेथड लिहायच्या. मग कुणी त्या हँडलवर प्रिंट केलं की तुमची मेथड चालते. रूबीमध्ये राइट असलेला कुठलाही ऑब्जेक्ट पडद्याच्या जागी ठेवता येतो. पीएचपीमध्ये स्वतःचा स्ट्रीम रॅपर नोंदवता येतो. पर्लची पद्धत मला सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिथे ‘बांधलंय’ हे शब्दातच आहे. पण फोनवर शिकणाऱ्याला पायथन सोपं पडतं, म्हणून पुढे तेच.

जुन्या फॉन्टची भानगड

आता मुख्य कामाकडे येऊ. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली, पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय आली ती विंडोज २००० पासून. तोपर्यंत आणि त्यानंतरही बरीच वर्षं डीटीपीवाल्यांनी काय केलं? फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवली. फाइलमध्ये साठतं ते इंग्रजी अक्षरच, त्यावर तो फॉन्ट लावला की डोळ्याला मराठी दिसतं. फॉन्ट काढला की राहतो तो डॉलर आणि स्वल्पविराम. शोधणाऱ्याला ‘किल्लारी’ सापडणार कुठून?

वरवर बघता उपाय म्हणजे तक्ता करायचा: हे इंग्रजी अक्षर म्हणजे क, हे म्हणजे काना. दोन-अडीचशे ओळींचा तक्ता, काकांच्या मदतीने दोन दिवसांत झाला. कुठल्या की दाबल्यावर काय उमटतं हे त्यांच्या बोटांना अजून पाठ आहे. तक्ता लावताना लांब जोड्या आधी बदलायच्या, कारण काही फॉन्टमध्ये ‘ध’ हे एक चित्र नसून अर्धा ध आणि उभी रेघ अशी दोन चित्रं असतात. आधी उभी रेघ बदलली तर ध चा बोजवारा उडतो.

पण नुसत्या तक्त्याने भागत नाही, कारण क्रम वेगळा असतो. जुना फॉन्ट डोळ्याला दिसतं त्या क्रमाने साठवतो, युनिकोड आपण उच्चारतो त्या क्रमाने. ‘किल्लारी’मध्ये पहिली वेलांटी डोळ्याला क च्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलमध्ये ती आधी असते. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. निलंगा, किनवट, बिलोली, हिमायतनगर, सगळ्यांची हीच अडचण. ‘परिस्थिती’मध्ये तर वेलांटीला अर्धा स आणि पूर्ण थ अशा दोघांना ओलांडून जावं लागतं.

रफार याच्या उलट. ‘अर्धापूर’ किंवा ‘धर्माबाद’ लिहिताना रफार डोळ्याला शेवटी, डोक्यावर दिसतो, पण युनिकोडमध्ये तो र् म्हणून ध च्या किंवा म च्या आधी येतो. आमची चाचणी म्हणजे नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या गावांची यादीच होती. अर्धापूर नीट आलं की रफार जमला, किनवट आलं की वेलांटी जमली. दुसरी चांगली चाचणी शोधायला जाऊच नका, आपल्या तालुक्यांच्या नावांत सगळं आहे.

आता गंमत बघा. फाइल कॉपी करायला पायथनमध्ये ‘शटिल.कॉपीफाइलऑब्ज’ नावाचं तयार फंक्शन आहे. त्याला एका बाजूला रीड येणारा ऑब्जेक्ट लागतो, दुसऱ्या बाजूला राइट येणारा. ते तुकड्यातुकड्यांनी वाचतं आणि तुकड्यातुकड्यांनी लिहितं. आपण लिहिणाऱ्या बाजूला आपला क्लास बसवला तर कॉपी होता होताच लिपी बदलेल. फक्त तुकडा कुठेही तुटू शकतो. वेलांटी एका तुकड्याच्या टोकाला आणि क पुढच्या तुकड्यात, असं झालं की वेलांटी उडी मारणार कुणावर?

म्हणून क्लासने शब्द पूर्ण होईपर्यंत मजकूर धरून ठेवायचा:

क्लास जुनीलिपी(आयओ.टेक्स्टआयओबेस):
    डेफ __इनिट__(सेल्फ, फाइल):
        सेल्फ.फाइल = फाइल
        सेल्फ.उरलेलं = ''

    डेफ राइट(सेल्फ, तुकडा):
        सेल्फ.उरलेलं += तुकडा
        जागा = शेवटची_मोकळी_जागा(सेल्फ.उरलेलं)
        पूर्ण = सेल्फ.उरलेलं[:जागा]
        सेल्फ.उरलेलं = सेल्फ.उरलेलं[जागा:]
        सेल्फ.फाइल.राइट(बदला(पूर्ण))
        रिटर्न लेन(तुकडा)

‘बदला’ म्हणजे तक्ता लावून वेलांटी-रफार सरकवणारं आपलं फंक्शन. ‘शेवटची_मोकळी_जागा’ हे शेवटच्या स्पेसनंतरचा आकडा देतं, स्पेस नसेल तर ०. ‘टेक्स्टआयओबेस’ हा पायथनचाच क्लास. त्याच्यावर आपला क्लास उभा केला की ‘विथ’ लावून उघडणं-बंद करणं वगैरे आपोआप मिळतं.

स्पेस शोधताना आम्ही एकदा तोंडावर आपटलो. पायथनचं तयार ‘इजस्पेस’ वापरलं होतं. त्याला साध्या स्पेसबरोबर १६० क्रमांकाचं, न तुटणाऱ्या स्पेसचं अक्षरही मोकळी जागाच वाटतं. आणि जुन्या फॉन्टने नेमकं त्या जागेवर एक मराठी चित्र बसवलेलं होतं. शब्द मधोमध चिरले जायला लागले. म्हणून साधी स्पेस, टॅब आणि नवी ओळ या तीनच गोष्टी शोधा.

जुनी फाइल वाचताना एन्कोडिंग ‘लॅटिन-१’ द्या. त्यात २५६ च्या २५६ बाइटांना काही ना काही अक्षर आहे, त्यामुळे वाचताना एरर येतच नाही. विंडोजच्या १२५२ मध्ये पाच जागा रिकाम्या आहेत. त्यातलं एखादं चित्र फॉन्टने वापरलं असेल तर पायथन तिथेच थांबतो. तक्ताही मग लॅटिन-१ च्याच हिशेबाने करायचा, अर्धा इकडचा अर्धा तिकडचा नको. लिहिणारी फाइल मात्र ‘यूटीएफ-८’, आणि ते स्पष्ट लिहून द्या, फोनवर आपोआप मिळत असलं तरी. हीच स्क्रिप्ट उद्या दुकानातल्या विंडोजवर चालवाल तेव्हा कळेल का म्हणतो ते.

यूटीएफ-८ चं नाव निघालंच आहे तर हेही बघा. ‘किल्लारी’ डोळ्याला तीन अक्षरं: कि, ल्ला, री. पायथनच्या लेनला विचारा, आठ म्हणेल, कारण वेलांटी, काना आणि पाय मोडायची खूण वेगवेगळी मोजली जाते. फाइलमध्ये जागा किती? चोवीस बाइट, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला तीन. म्हणून कधी बाइट वाचणारा क्लास लिहिलात आणि दहा-दहा बाइट घेतले, तर तीन खुणा पूर्ण येतील आणि चौथीचा एक तृतीयांश लचका हातात राहील. त्याचं अक्षर करायला गेलात की एरर. पायथनचा टेक्स्टआयओरॅपर तो लचका पुढचे बाइट येईपर्यंत सांभाळून ठेवतो. म्हणजे आपण शब्दांच्या बाबतीत जे केलं, तेच तो बाइटांच्या बाबतीत करत असतो.

शेवटचा शब्द

सगळ्या फाइली झाल्या. मित्राने ‘किल्लारी’ शोधलं. सापडलं! मग काका जुनी छापील प्रत घेऊन बसले आणि पडताळायला लागले. थोड्या वेळाने म्हणाले, “अरे बाबा, प्रत्येक लेखाखालचं गाव कुठे गेलं?”

स्मरणिकेतला प्रत्येक लेख वेगळ्या फाइलमध्ये होता. शेवटच्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव आणि त्यापुढे गाव. गाव हा फाइलचा शेवटचा शब्द, आणि त्याच्यापुढे ना स्पेस, ना नवी ओळ. आमचा क्लास इमानदारीत तो शब्द धरून बसला, पुढची स्पेस येईल म्हणून. ती कधीच आली नाही, फाइल बंद झाली, आणि गावांची नावं ‘उरलेलं’मध्येच राहून गेली. एरर नाही, सूचना नाही. भूकंपातली गावं परत एकदा पुसली गेली असती, आणि ती माझ्या कोडमुळे. काकांनी बघितलं नसतं तर तसंच छापायला गेलं असतं.

क्लोज राहिलं होतं:

    डेफ क्लोज(सेल्फ):
        इफ नॉट सेल्फ.क्लोज्ड:
            सेल्फ.फाइल.राइट(बदला(सेल्फ.उरलेलं))
            सेल्फ.उरलेलं = ''
            सुपर().क्लोज()
            सेल्फ.फाइल.क्लोज()

मित्राचं म्हणणं होतं की हे फ्लशमध्ये टाकू, नाहीतरी बंद होताना फ्लश होतोच. नको. फ्लश कुणीही, कधीही, शब्दाच्या मधेच मागू शकतो. तिथे उरलेलं बाहेर काढलं तर अर्धा शब्द बदलून जाईल आणि वेलांटी परत अधांतरी. उरलेलं बाहेर काढायची जागा क्लोजच. आणि क्रमही असाच: आधी उरलेला शब्द, मग आपला थर, शेवटी खालची फाइल. खालची आधी बंद केली तर ‘बंद फाइलवर लिहिता येत नाही’ अशी एरर मिळेल.

दुसरं म्हणजे ‘विथ’ वापरा. त्यातून बाहेर पडताना क्लोज नक्की होतं, मधे एरर आली तरी. आणि मूळ फाइलवर कधीही लिहू नका. बदललेला मजकूर नव्या फोल्डरमध्ये जाऊ द्या. आमच्याकडे मूळ फाइली शाबूत होत्या म्हणून परत चालवता आलं. तुम्ही टर्मक्समध्ये करणार असाल तर आधी स्टोरेजची परवानगी द्या आणि काम फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये ठेवा. टर्मक्स अनइन्स्टॉल केलं की त्याच्या आतलं सगळं जातं.

‘शेतकऱ्यांना’ या शब्दाने आणखी एक दिवस खाल्ला. तो आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हेने लिहिता येतो: एक ऱ हे वेगळं अक्षर घेऊन, दुसरा साधा र, पाय मोडायची खूण आणि मधे एक न दिसणारी जोडखूण घालून. डोळ्याला दोन्ही सारखे. शोधणाऱ्याला दोन वेगळे शब्द. पायथनच्या नॉर्मलाइझनेही ते एक होत नाहीत. आम्ही सगळीकडे पहिली तऱ्हा ठेवली.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पेजमेकरमधून टेक्स्ट बाहेर काढताना कुठला शब्द कुठल्या फॉन्टमध्ये होता ही माहिती गळून जाते. त्यामुळे लेखाखाली कुणी ईमेल किंवा इंग्रजीत पदवी लिहिली असेल तर आमचा क्लास तिचंही मराठी करून टाकतो, आणि ते वाचून हसू येतं. मोकळ्या कंसातलं इंग्रजी ओळखायचा एक नियम लिहून पाहिला, पण तो कधी कधी मराठी शब्दच इंग्रजी समजून सोडून देतो. तेव्हा सध्या पद्धत अशी आहे की जोडतोटी प्रत्येक संशयास्पद शब्द वहीत उतरवते, आणि संध्याकाळी दुकानात काका चष्मा लावून, एका हातात छापील प्रत आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन एकेक तपासत बसतात. परवा विचारलं तेव्हा निम्मी स्मरणिका झाली होती.